हळदीच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या आईनं मला फसवलं. मी दवाखान्याच्या कंपाउंडरला फसवलं, निदान त्या वेळी मला तसं वाटलं. आणि त्या कंपाउंडरनं आम्हा दोघींना फसवलं. हे सगळं एका छोट्या पांढऱ्या गोळीवरून झालं, आणि तिघांपैकी शिक्षा फक्त आईला झाली. आधीच सांगून टाकते, कारण धंद्यात मी एवढं शिकले आहे की मालात खोट असेल तर ती पहिल्यांदा दाखवावी, मग भाव बोलावा.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावावरून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं. जीप तिथूनच वळायची आणि वळताना आमच्या कुडाच्या भिंतीवर धूळ टाकून जायची. बाबा मूलला राइस मिलमध्ये पोती उचलायचे. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, कानांत, भुवयांवर कोंड्याची पांढरी पूड असायची, आणि रविवारी ते नुसते झोपायचे. म्हणजे घर म्हणजे आम्ही दोघीच. सातवी करून मी शाळा सोडली होती. घरातली पाण्याची, चुलीची कामं माझी. शेतातली आणि जंगलातली आईची. सकाळी मला जाग यायची ती आईच्या बांगड्यांनी. अंधारातच ती रात्रीच्या भाताची पेज ढवळत असायची, आणि मडक्याच्या काठाला बांगडी लागून एक बारीक आवाज व्हायचा. पेजेत मीठ, सोबत जवसाची चटणी, कधी लाखोळीच्या डाळीचं उरलेलं वरण. आज माझ्या घरी गॅसवर सगळं होतं, पण बांगडीचा तो आवाज स्टीलच्या भांड्याला येत नाही. सुनेला एकदा म्हटलं तर ती हसली.

मोहाच्या दिवसांत, होळीच्या पुढेमागे, आई पहाटे झाडाखाली फुलं वेचायला जायची. त्यानंतर तेंदूपानं. तेंदूची पानं ज्यांनी तोडली नाहीत त्यांना सांगते. अंधार विरळ होताच बायका जंगलात जातात, ऊन चढायच्या आत डोक्यावर गाठोडी घेऊन परत येतात, मग दुपारभर घरी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा मुनशी पुडे घेतो त्या मैदानात, ते मांडायचे. दुपारी गावातल्या प्रत्येक ओट्यावरून पानांची सळसळ ऐकू यायची. पुडे बांधायला मी बसायची. तोडायला मात्र आई मला कधी नेत नसे. "तू घरी राय. तुझे पाय जमिनीवर नाई ठरत," म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या टोलीवरची, म्हणजे लहान वस्तीवरची, एक बाई आदल्या उन्हाळ्यात वाघानं नेली होती. जंगलात त्याचं नाव घेत नसत, 'मोठा' म्हणत. मोठा आला होता, मोठ्याची वाट आहे. ती बाई बाकीच्यांपासून जरा बाजूला, झुडपाआड लघवीला बसली होती. उभ्या माणसाला तो सहसा धरत नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. त्या दिवसापासून बायकांनी एक रीत पाडली: एकटीनं बसायचं नाही. एकीला बसायचं असेल तर तिनं सांगायचं, सगळ्यांनी पानं तोडणं थांबवायचं, तिच्याभोवती पाठ करून उभं राहायचं आणि जोरानं बोलत राहायचं. चांगली रीत होती. या रीतीनंच माझ्या आईचा घात केला, पण ते मला कळायला फार उशीर लागला.

गोळी घरात आली ती अशी. पावसाळ्यात भाताची रोवणी करताना आईला बांधावर चक्कर आली. दर मंगळवारी बाजार भरायचा त्या गावात एका ट्रस्टचा दवाखाना होता; डॉक्टर मंगळवारीच यायचे. आईच्या दंडाला त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. म्हणाले, "बीपी खूप आहे, बाई. ही गोळी रोज सकाळी एक. अंगातलं जास्तीचं पाणी काढते, प्रेशर कमी करते. सोडायची नाही." आई म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, दुखत तं काईच नाई." डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर खिडकीत कंपाउंडर बसायचे, मोरेश्वरभाऊ. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज गोड. त्यांनी पिवळं कार्ड बनवून दिलं. त्यावर चार रकाने: तारीख, बीपी, गोळ्या, आणि शेवटी 'काही त्रास'. महिन्यातून एकदा पेशंटनं स्वतः यायचं, पट्टा बांधून घ्यायचा, त्रास असेल तर सांगायचा, मग महिन्याच्या गोळ्या. दुखत नसताना खायचं औषध ही गोष्टच आईला पटत नव्हती. "ताप नाई, खोकला नाई, आन् जन्मभर गोळी! मी का कोंबडी हाय दाणे टिपाले?" पण मी मागे लागले. रोज सकाळी पेजेच्या वाटीबरोबर गोळी मीच तिच्या तळहातावर ठेवायची आणि तिनं तोंडात टाकल्याशिवाय हलायची नाही. घरातलं एक तरी काम माझ्या हुकमानं चालतं याचा मला कैफ होता, हे आता कबूल करते.

पहिले काही महिने आई कुरकुरत का होईना, बाजाराला यायची. मग मोह सुरू झाला. मोह झाडाखाली पडून राहिला तर गुरं खातात. एक मंगळवार म्हणजे एक दिवसाचा मोह गेला. तेव्हा मी एकटीच चारोळी घेऊन बाजारात गेले, आणि बाजार आटोपून खिडकीत कार्ड सरकवलं.

मोरेश्वरभाऊ म्हणाले, "माय कुठी हाय?"

"मोह वेचून राह्यली. गोळ्या द्या."

"पेशंट आल्याबिगर गोळ्या नाई. नियम हाय."

"भाऊ, गोळी पेशंट खाते का नियम खाते?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मोरेश्वरभाऊंनी चष्मा वर केला. "जिभेले लय धार हाय व तुझ्या. कोणाची पोरगी?"

"जिची गोळी हाय तिची. पाहा, ती आली तं अख्खा दिवस जाते. तुमचा पट्टा एक मिनिटाचा. एका मिनिटासाठी अख्खा दिवस, हा कोण्या बाजारातला भाव?"

"अन् बीपी वाढलं असन तं?"

"वाढलं असतं तं चक्कर नसती आली? चांगली टुणटुणीत हाय. मी रोज माह्या हातानं गोळी देतो. आन् एक महिन्याच्या नाई, दोन महिन्याच्या द्या. तेंदूच्या दिवसात मले बी याले जमणार नाई."

ते नाही म्हणाले. मी पुन्हा मागितलं. ते दुसऱ्याचं कार्ड बघू लागले, मी खिडकीतून हललेच नाही. शेवटी टोपलीत न विकलेली चारोळी उरली होती, ती ओंजळभर कागदात बांधून खिडकीच्या आत ठेवली. "घरी खीर करा, भाऊ." त्यांनी पुडी पाहिली, मला पाहिलं, आणि हसले. "तू मोठी झाली का बाजार खाऊन टाकशीन." दोन महिन्यांच्या गोळ्या मोजून दिल्या. कार्डावर तारीख लिहिली, बीपीच्या रकान्यात एकशे तीस आणि ऐंशी लिहिलं, आणि 'काही त्रास'च्या रकान्यात 'नाही'. मला काही न विचारता लिहिलं. मी ते वाचलं. सातवी झाले होते, आकडेही येत होते आणि 'नाही'ही येत होतं. मनातल्या मनात मी एवढंच म्हटलं, की बरोबर आहे, त्रास नाहीच. आणि येताना जीपच्या टपावर बसून गाणं म्हणत घरी आले. आयुष्यात जिंकलेला माझा पहिला मोठा सौदा होता तो. त्यानंतर मी मूलच्या व्यापाऱ्यांशी सौदे केले, नागपूरच्या केले, चारोळी-हिरड्याचं गोदाम उभं केलं. पण त्या दिवशीसारखी छाती पुन्हा कधी फुगली नाही. पुढची दोन वर्षं आई दवाखान्यात गेली नाही. मी गेले. ओंजळभर चारोळी, नाहीतर रानातला मध, आणि कार्डावर दर वेळी तेच एकशे तीस-ऐंशी, तेच 'नाही'.

दोन वर्षांनी, तेंदूच्या दिवसांतली ती सकाळ. मी अंगण सारवत होते. बायकांची चाहूल नेहमीपेक्षा लवकर लागली आणि ती नेहमीसारखी नव्हती. कोणी बोलत नव्हतं, फक्त पावलं. पुढे पारबताबाई. ती आमच्या वाड्यातल्या तोडणाऱ्या बायकांची म्होरकी, दणकट, तोंडानं फटकळ. मागे चौघींनी लुगड्याची झोळी करून आईला आणलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच पाहत होते.

"लकवा मारला व," पारबताबाई म्हणाली. "पान तोडता तोडता खाली बसली ते बसलीच. झोळीत घेताना हाताले खरचटलं तिच्या, रगत येते. हळद आण!"

वर्षाच्या हळदीचा मोठा डबा चुलीमागच्या फळीवर होता; त्यातून रोजच्या वाटीत हळद काढून द्यायची ती आईच. वरची हळद संपत आली होती म्हणून मी हात खालपर्यंत घातला, आणि बोटांना खडे लागले. मूठ बाहेर काढली. गोळ्या. कितीतरी गोळ्या. पांढऱ्या राहिल्या नव्हत्या, हळदीनं पिवळ्याधमक झाल्या होत्या, काही ओलीनं फुगलेल्या, काही तोंडात जाऊन आल्यासारख्या कडेला विरघळलेल्या.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी ती मूठ घेऊन बाहेर आले आणि खाटेवर पडलेल्या, अर्ध्या तोंडाच्या आईवर ओरडले. "हे काय व? हे काय हाय? मी बाजारात त्या माणसाच्या पाया पडाची बाकी ठेवली आन् तू हळदीत पुरून ठेवली? मले फसवलं तू, मले!" गोळ्या तिच्या छातीवर फेकल्या. पारबताबाईनं मला एक ठेवून दिली. जन्मात बापानं हात लावला नव्हता, त्या बाईनं लावला. म्हणाली, "बोंबलाचं ते मंग बोंबल. आधी जीप पाहा." आईच्या ओल्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. ती काहीतरी बोलली. शब्द नव्हता, नुसता आवाज.

ब्रह्मपुरीच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पट्टा बांधला आणि त्यांची भुवई वर गेली. मग माझ्या हातातलं पिवळं कार्ड घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. "या तारखेपासून पुढे दर वेळी एकशे तीस-ऐंशी? एकदाही एकशे बत्तीस नाही? हे मोजलं कुणी?" मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

आई वाचली. चार वर्षं जगली. उजवा हात गेला तो गेलाच. पाय ओढत ओट्यापर्यंत यायची. बोलणं हळूहळू परत आलं, पण अर्धं. शब्द मडक्यातून काढावा तसा एकेक काढायची. डाव्या हातानं पुडे बांधायचा हट्ट करायची आणि चिडून पानं फेकून द्यायची. मी तिच्याशी कित्येक आठवडे नीट बोलले नाही. तिला न्हाऊ घालायची, भरवायची, वेणी घालायची, पण तोंड बंद. एका दुपारी पेजेचा घास पुढे केला तर तिनं तोंड मिटून घेतलं.

"विचार," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"काऊन... नाई खाल्ली."

"काऊन नाई खाल्ली?" मी भांडायच्या सुरातच विचारलं.

तिनं सांगितलं त्याला अर्धी दुपार लागली. गोळी खाल्ली की सकाळभर तीन-चार वेळा लघवी यायची. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, बायका थांबल्या, भोवती उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा थांबल्या. तिसऱ्यांदा पारबताबाई म्हणाली, "गिरजे, पोट हाय का फुटकं मडकं? तुह्यापायी समद्यांची पानं बुडून राह्यली." सगळ्या हसल्या, आईही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं जंगलात पाणी पिणं सोडलं, त्या उन्हात. तरी भागेना. एकदा कोणाला न सांगता झुडपाआड बसली आणि मागे भेकर ओरडलं. भेकर ओरडतं ते मोठ्याला पाहूनच. ती तशीच अर्धी उठून पळत आली. त्या रात्री तिनं ठरवलं. गोळी गालात धरायची, पेज गिळायची, आणि दाराबाहेर जाऊन पदरात थुंकायची. परत येताना हळदीत.

"मंग फेकून द्याची ना! ठेवली कायले?"

"तू आणली," ती म्हणाली. "भांडून. फेकू कशी?"

"आन् पावसाळ्यात? पावसाळ्यात कुठी होता वाघ?"

ती हसली. अर्ध्याच तोंडानं, पण तिचंच हसू. "रोवणीत... बांधावर माणसं. बसाले... झाड नाई." मग थोडा दम घेऊन, "मले वाटलं, पानं संपली का खाईन. मंग मोह. मंग पानं. दुखत तं काई नवतं, बाई."

"मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं डावा हात माझ्या गालावर ठेवला, तिथंच जिथं पारबताबाईचा बसला होता. "तू... ऐकून घेते का कोणाचं?"

त्या दिवशी मी मागच्या परसात जाऊन रडले. पुढच्या खेपेला ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अहो, मग जंगलातून घरी आल्यावर, दुपारी घेतली असती तरी चाललं असतं. नाहीतर दुसरी गोळी दिली असती, अशी गोळी काय एकच असते? नुसतं कुणी सांगायला पाहिजे होतं." नुसतं कुणी सांगायला पाहिजे होतं. म्हणजे वाघ नाही, जंगल नाही, पारबताबाई नाही. एका वाक्यानं माझ्या आईचा उजवा हात वाचला असता, आणि ते वाक्य बोलायची जागा त्या पिवळ्या कार्डावर छापलेली होती. शेवटचा रकाना.

आता मलाही बीपी आहे. आईचं रक्त. रोज दोन गोळ्या. मूलचा औषधवाला मला पाहिलं की स्टुलावर बसवतो आणि हात जोडतो, कारण मी नुसता भाव करत नाही. ही कधी खायची, खाल्ल्यावर काय होतं, पाय सुजतात का, गाडीत बसायच्या दिवशी काय करायचं, सगळं विचारते. माझ्या गोदामात चारोळी फोडणाऱ्या बायका आहेत. त्यांतल्या तिघी गोळ्या खातात. त्यांना मी डोळ्यात डोळे घालून विचारते, "खरं सांग. त्रास होते का?" 'नाई' म्हणाल्या तर मानत नाही, पुन्हा विचारते. त्या म्हणतात, बेबीबाई, तुम्ही पोलीस आहात का. असू दे.

मागच्या वर्षी ब्रह्मपुरीला एका लग्नात मोरेश्वरभाऊ भेटले. म्हातारे झालेत, पण शर्ट पांढराच. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसले आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगू लागले, "हे बेबी! लहान होती तवापासून माह्याशी भांडे. मीच म्हणलो होतो, हे बाजार खाईन म्हणून!" लोक हसले. मी ताट बाजूला सारलं.

"भाऊ, कार्डावर एकशे तीस-ऐंशी तुम्ही लिवलं होतं. माय आली नव्हती."

त्यांचं हसू गेलं. हळू आवाजात म्हणाले, "तूच तं म्हणली होती, माय येत नाई. तू काय कमी भांडली होती का? चारोळी कोणी आणली?"

पंगत उठली, नवरी मांडवात आली, ते गर्दीत गेले. घरी येईपर्यंत मला जीपमध्ये त्यांना द्यायची वीस उत्तरं सुचली आणि एकही पुरं नव्हतं. कारण ते खोटं बोलले नव्हते.

म्हणून इथं लिहिते. मोरेश्वरभाऊ, तुम्ही पेपराची ही पुरवणी वाचता, मला माहीत आहे. तुमचा नातू सांगतो. माझा वाटा मी मान्य करते. मी भांडले, आईला दवाखान्यात आणलं नाही, खिडकीत चारोळी ठेवली. सोळा वर्षांची होते, हे मी सूट म्हणून मागत नाही. माझ्या वाट्याचं मी चार वर्षं तिच्या तोंडात घास घालताना फेडलं, आणि अजून फेडते. बीपीचा आकडाही सोडून देते. पट्टा बांधायला दंड समोर नव्हता, तो दंड मीच आणला नाही. पण शेवटच्या रकान्याला पट्टा लागत नव्हता. 'काही त्रास' एवढाच प्रश्न होता. खिडकीत मी उभी होते, तुम्ही मला विचारू शकत होता. मी घरी जाऊन तिला विचारलं असतं, आणि बाहेरच्या माणसानं विचारलं म्हणून कदाचित तिनं सांगितलंही असतं. तुम्ही विचारलं नाही. दोन वर्षं, दर वेळी, न चुकता, सुंदर अक्षरात तुम्ही 'नाही' लिहिलं. त्रास होता माझ्या आईला. 'नाही' ती म्हणाली नव्हती, मीही म्हणाले नव्हते. मग तिच्या वतीनं ते तुम्ही कोणाला विचारून लिहिलं? कार्ड अजून माझ्याकडे आहे. या, समोर बसा, बोट ठेवा त्या शब्दावर, आणि सांगा.